नाशिकमधील स्वतंत्र घरासाठी पाणी तापवण्याची कोणती व्यवस्था किफायतशीर ठरेल?

पंचवटीकर :

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे जुने दुमजली घर आहे. आई-वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले अशी सहा माणसे घरात असून सगळ्यांच्या आंघोळी सकाळी साडेपाच ते नऊ या वेळेत आणि बादलीनेच होतात. वरच्या व खालच्या न्हाणीघरात २५ लिटरचा प्रत्येकी एक विजेचा गिझर आहे. आई-वडिलांना केव्हाही गरम पाणी मिळावे म्हणून खालचा गिझर दिवसभर चालूच असतो. वरचा सकाळी लावला जातो आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की बंद केला जातो. स्वयंपाकघरातील नळालाही खालच्याच गिझरचे पाणी येते, मात्र ते घराला वळसा घालून आलेल्या सुमारे ४० फूट लांबीच्या अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमधून येत असल्यामुळे नळ सोडल्यावर बराच वेळ गारच पाणी वाहते.

डिसेंबर-जानेवारीत आमचे बिल ३०० युनिटांचा टप्पा ओलांडते. गिझर जवळजवळ बंद असतात त्या महिन्यांशी तुलना केली असता पाणी तापवण्यापोटी महिन्याला १८० ते २०० युनिट जात असावेत असे दिसते. त्यामुळे गॅस गिझर, पाणी तापवणारा २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर आणि हवेतली उष्णता पाण्याला देणारा हीट पंप अशा तिन्ही पर्यायांची चौकशी केली. सोलरचा खर्च जोडणीसह ३८ हजार आणि हीट पंपाचा १ लाख ४० हजार रुपये सांगण्यात आला. प्रत्येक दुकानदार आपलीच वस्तू सर्वांत कमी खर्चाची असल्याचे छातीठोकपणे सांगतो, त्यामुळे निर्णय होत नाही.

अडचणी दोन आहेत. घराच्या दक्षिणेला नवी इमारत उभी राहिली असून थंडीत तिची सावली गच्चीवर पडते. शिवाय उन्हाळ्यात महापालिकेचे पाणी अपुरे पडले की बोअरचे पाणी टाकीत घ्यावे लागते आणि ते इतके जड आहे की नळांच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. सोलरला ७८ हजारांपर्यंत सरकारी अनुदान मिळते असे ऐकले, तेही खरे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

तापमापक :

यंत्र निवडण्यापूर्वी आपली गरज किती आहे याचा हिशेब मांडावा, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. सहा माणसांना प्रत्येकी २० लिटर म्हणजे १२० लिटर पाणी १६ अंशांवरून ४१ अंशांपर्यंत न्यायचे असेल तर ३,००० किलोकॅलरी, म्हणजेच साधारण साडेतीन युनिट उष्णता रोज लागेल. महिन्याचे हे झाले १०५ युनिट. कोणतेही यंत्र आणले तरी एवढी उष्णता पाण्यात घालावीच लागणार आहे. तुमचा खर्च १८० ते २०० आहे. मग उरलेले ८०-९० युनिट जातात कुठे?

दिवसभर चालू असलेला जुना गिझर कोणी नळ सोडला नाही तरी भिंतीआडून उष्णता गमावत राहतो आणि तेवढ्यासाठी दिवसाला एक-सव्वा युनिट सहज खातो. वरच्या गिझरचे दुखणे वेगळे आहे. शेवटच्या माणसाने बादली भरून घेतली की टाकीत गार पाणी शिरते, तुम्ही बटण बंद करेपर्यंत ते पुन्हा ६० अंशांपर्यंत तापते आणि मग कोणाच्याही उपयोगी न पडता दिवसभर निवत बसते. २५ लिटर पाण्यात अशी सव्वा युनिटाच्या आसपास उष्णता अडकते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिच्यातील निम्म्याहून अधिक निघून जाते. म्हणून शेवटच्या माणसाने बादली भरण्याआधीच गिझर बंद करावा. टाकीतले तापलेले पाणी त्याला पुरून उरते. तिसरी गळती स्वयंपाकघराच्या पाइपची आहे. त्या ४० फुटांत सुमारे अडीच लिटर पाणी मावते आणि प्रत्येक वेळी नळ बंद केल्यावर तेवढे गरम पाणी पाइपातच थंड होते. दिवसातून आठ वेळा असे झाले तर पाऊण युनिट गेलेच. या तिन्ही गळत्यांची महिन्याची बेरीज ऐंशीच्या आसपास येते आणि तुमचा आकडा जुळतो.

यावरचा पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली ३ लिटरचा छोटा इन्स्टंट गिझर बसवा आणि तो लांबचा पाइप बंद करून टाका. ३ किलोवॉटचा असा गिझर मिनिटाला पावणेदोन लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवतो, म्हणजे भांड्यांना पुरेसे आणि आंघोळीला तोकडे. त्याच्यासाठी १६ अँपिअरचा प्लग, योग्य जाडीची स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग मात्र हवे.

गिझरच्या लेबलवरील वीजबचतीच्या ताऱ्यांविषयी दुकानात फार गोंधळ घातला जातो. विजेच्या कॉइलमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते, मग गिझर एक तारा असलेला असो की पाच. साठवणीच्या गिझरचे तारे ठरतात ते टाकी २४ तासांत किती उष्णता गमावते यावरून, आणि तो आकडा लेबलवर छापलेला असतो. म्हणजे दिवसभर चालू राहणाऱ्या तुमच्या खालच्या गिझरसाठी पाच तारे मोलाचे आहेत. सकाळी तासभर लागणाऱ्या गिझरसाठी त्यांचे मोल फारच कमी.

आता दरांचे पाहू. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. थंडीत गिझरमुळे वाढलेले युनिट सर्वांत वरच्या टप्प्यात मोजले जातात, त्यामुळे सरासरी दर न धरता त्या वरच्या टप्प्याचाच दर धरला पाहिजे. वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून तो १६ रुपये आहे असे समजू. नेमका आकडा तुमच्या बिलावर पाहून घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यातून सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता मिळते. गॅस गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १४५ युनिट पाण्यात उतरतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरल्यास पाण्यात उतरलेल्या एका युनिटाला सव्वासहा रुपये पडतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणून एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते; तेथे हाच खर्च साडेपाच रुपयांच्या आसपास येतो. सोलरला उन्हाचे पैसे पडत नाहीत, पण ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय ठेवावी लागते.

अनुदानाविषयी सांगायचे तर ७८ हजारांचे अनुदान फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे आहे आणि ते छतावर वीज निर्माण करणाऱ्या ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या पॅनेलसाठी मिळते. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते लागू नाही. दोन्हींना बोलीभाषेत ‘सोलर’च म्हणतात आणि विक्रेते या सारखेपणाचा पुरेपूर लाभ उठवतात.

जोडणीवाला :

गॅस गिझर हा खर्चाच्या दृष्टीने चांगला पर्याय असल्याचे वरचा हिशेब सांगतो आणि ते खरेच आहे, पण मी हे काम करत असल्यामुळे त्याची दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे वीस मिनिटांत त्याला सव्वाचार घनमीटरहून अधिक हवा लागेल. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात एकूण हवाच नऊ घनमीटर असते. दार-खिडकी लावून एकामागोमाग दोघांनी आंघोळ केली तर त्या खोलीतल्या प्राणवायूची काय अवस्था होत असेल, हे सांगायला नको. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि माणसाला गुंगी येते तेव्हा दार उघडण्याचे त्राणही उरलेले नसते. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतोच.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागेतच बसवावा. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी मी तो आत बसवून देत नाही. ड्राय बाल्कनीत बसवून नंतर तिला काचा लावून घेणारी मंडळीही आहेत; तो प्रकार आतल्या गिझरइतकाच घातक आहे. गिझर घेताना आयएस १५५५८ या मानकाची खूण पाहावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी पडू लागली किंवा वर काजळी दिसली तर वापर थांबवून सफाई करून घ्यावी.

तुमच्या घरी आणखी एक अडचण येईल. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असल्यामुळे पाण्याला पुरेसा दाब नसतो आणि दाब कमी पडला की हा गिझर पेटतच नाही. मग लोक पंप बसवतात आणि स्वस्ताईचा मुद्दा तिथेच संपतो.

कृष्णाकाठ :

आमच्याकडे सांगलीला बहुतेक घरांवर सोलर दिसतो आणि बोअरचे पाणी तर तुमच्याहून जड असेल, त्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

सोलर दोन प्रकारचा असतो. एकात काळ्या पत्र्याखाली तांब्याच्या बारीक नळ्या असलेली काचेची पेटी असते, दुसऱ्यात काचेच्या दुपदरी निर्वात नळ्या असतात. तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसले की पाणी फिरणे मंदावते आणि वर्षागणिक तापमान उतरत जाते. आम्ल घालून त्या धुता येतात, पण ते काम जाणत्या माणसाचे आहे. काचेच्या नळ्या रुंद असल्यामुळे क्षार तळाशी गाळासारखे साचतात आणि एकेक नळी काढून धुता येते. जड पाण्याला म्हणून नळ्यांचा सोलर सोयीचा पडतो. त्यांच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती झिजावी यासाठीच तिची योजना असते, पण विक्रेता तिचे नावही काढत नाही आणि वर्षा-दीड वर्षात ती संपली की पुढे टाकी गंजू लागते. विकत घेतानाच कांडी कुठे आहे आणि ती बदलायला जागा सोडली आहे का, हे विचारून घ्यावे.

जोडणीत दोन गोष्टींवर बारीक लक्ष ठेवावे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर असलीच पाहिजे. तुमची टाकी गच्चीवर ठेंगण्या कट्ट्यावर असेल तर आधी ती उचलून घ्यावी लागेल आणि हा खर्च ३८ हजारांत धरला आहे का ते विचारावे. दुसरे म्हणजे सोलरच्या टाकीतून हवा बाहेर जाण्यासाठी एक उभी उघडी नळी लागते. बरेचदा ती दिसायला नको म्हणून आखूड करतात किंवा तिला झाकण लावतात. मग गरम नळाला धार धरत नाही, पाणी गुळगुळ करत थांबून थांबून येते आणि दोष मात्र सोलरला दिला जातो.

दुपारी कडक उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नये, काच तडकते. टाकी रिकामी झाली असेल तर संध्याकाळनंतर भरावी. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ७० अंशांच्या वर सहज जाते, तेव्हा मुलांच्या बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम पाणी घालण्याची सवय सर्वांनाच लावा.

पंचवटीकर :

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या बादलीआधी गिझर बंद करण्याची सूचना कालपासूनच अमलात आणली आहे. गॅस गिझरचा विचार आता सोडून देतो, कारण आमच्याकडे न्हाणीघराबाहेर तशी मोकळी जागाच नाही. प्रश्न उरतो तो सावलीचा. मोजमाप घेतले आहे. दक्षिणेची इमारत आमच्या गच्चीच्या कडेपासून २० फूट दूर असून गच्चीच्या पातळीपासून सुमारे २५ फूट उंच आहे. गच्ची दक्षिणोत्तर ३० फूट आहे. सोलर चालेल का?

तापमापक :

चालेल, मात्र जागा नीट निवडावी लागेल. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला म्हणजे सूर्य सर्वांत खाली असताना भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंश वर असतो, त्यामुळे सावलीची लांबी इमारतीच्या उंचीपेक्षा किंचित कमी भरते. २५ फुटांची सावली पावणेचोवीस फूट, म्हणजे मधले २० फूट वजा जाता ती तुमच्या गच्चीवर चार फूटही येणार नाही. सकाळी साडेदहाला आणि दुपारी अडीचला सावली लांबते, पण तिरपीही होते. उत्तरेच्या दिशेने तिची मजल २६ फुटांच्या आसपासच राहते, म्हणजे गच्चीवर सहा-सात फूट. साडेनऊ वाजता ती अकरा फुटांपर्यंत येईल. याचा अर्थ गच्चीचा उत्तरेकडचा अर्धा भाग थंडीतही मोकळा आहे. सोलर तिथे, दक्षिणेकडे तोंड करून आणि अक्षांशाहून दहा-पंधरा अंश जास्त उतार देऊन बसवावा, म्हणजे तिरप्या उन्हाचा थंडीत अधिक लाभ होतो. त्या भागाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला पाण्याची टाकी अथवा जिन्याची खोली असेल तर तिचीही सावली पाहा. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे डिसेंबरात एखाद्या दिवशी दहा, बारा आणि दोन वाजता गच्चीवर खडूने सावलीच्या रेषा आखून घेणे.

कोथरूडकर :

हीट पंपाची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहीत आहे. आमच्या एकत्र कुटुंबात आठ माणसे आहेत आणि २०० लिटरचा हीट पंप आम्ही वापरतो. त्याची रचना एसीसारखीच, फक्त काम उलटे. बाहेरची हवा जितकी उबदार तितकी वीज कमी लागते, म्हणून तो पहाटे न चालवता दुपारी एक ते तीनच्या सुमारास चालवावा. टाकीचे आवरण चांगले असल्यामुळे पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेसे गरम राहते. पावसाळ्यात, सोलर हात टेकतो तेव्हा, हा व्यवस्थित चालतो. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटइतका होतो आणि खालून पाणी ठिबकते, त्यामुळे शयनगृहाच्या खिडकीखाली तो बसवू नये.

मात्र तुमच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. तुमची गरज थंडीत महिन्याला १०५ युनिटांची आणि इतर महिन्यांत बरीच कमी आहे. थंडीत जरी त्याने महिन्याला हजार-अकराशे रुपये वाचवले तरी यंत्राच्या १ लाख ४० हजारांच्या किमतीच्या मानाने वर्षाकाठी होणारी बचत किरकोळ आहे. गच्ची मोकळी नसलेल्या, माणसे जास्त असलेल्या किंवा छतावर विजेचे पॅनेल आधीच बसवलेल्या घरांना तो शोभतो. शिवाय घेण्यापूर्वी आपल्या गावात दुरुस्तीला माणूस येतो का, याची खातरजमा करावी.

पुणे महानगरपालिका चालू स्थितीतील सौर यंत्रणा, गांडूळखत किंवा पर्जन्यजल प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. नाशिकला काय नियम आहे, हे विभागीय कार्यालयात विचारून घ्या.

वाडीवरून :

थोडे अवांतर. आमच्याकडे सिंधुदुर्गात अजूनही तांब्याचा बंब पेटतो. मधल्या नळीतून जाळ वर जातो आणि सभोवती पाणी असते, त्यामुळे जाळाची उष्णता फारशी वाया जात नाही. जळण म्हणून नारळाची सोडणे आणि करवंट्या बागेतूनच मिळतात. खर्च शून्य, पण पहाटे उठून जाळ घालणारे माणूस हवे आणि धूर सोसणारा शेजारी हवा. नाशिकच्या वस्तीत हे जमण्यासारखे नाही, याची कल्पना आहे.

पंचवटीकर :

मग नळ्यांचा २०० लिटरचा सोलर गच्चीच्या उत्तर भागात आणि स्वयंपाकघरात छोटा इन्स्टंट गिझर, असे ठरवत आहोत. जुन्या दोन गिझरांचे काय करावे? पावसाळ्यात ते लागतीलच.

कृष्णाकाठ :

ते काढू नका. सोलरचे पाणी थेट नळालाही जाईल आणि गिझरमधूनही जाऊ शकेल अशी दोन व्हॉल्व्हची जोडणी करून घ्या. ढगाळ दिवशी सोलरचे पाणी पूर्ण तापत नसले तरी कोमट असते. ते ३० अंशांवर गिझरमध्ये आले तर विजेला पुढचे दहा-अकरा अंशच तापवावे लागतात. मात्र आधी तुमचा गिझर येणारे गरम पाणी सोसतो का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण काही गिझरांच्या आत येणाऱ्या जोडणीला प्लास्टिकचे भाग असतात. गच्चीवरून खाली येणाऱ्या गरम पाइपला पहिल्या दिवशीच फोमचे आवरण चढवा; भिंतीत पाइप गाडल्यावर ते काम पुन्हा होत नाही. आई-वडिलांचे न्हाणीघर खाली असल्यामुळे त्यांच्यापर्यंतचा पाइप सर्वांत लांब पडेल. तो उगाच जाड घेऊ नका, नाहीतर रोज पहाटे पहिली अर्धी बादली गार पाण्याचीच भरेल.